खळ्यातला खाऊ, पोराथोरांचा

मे महिना अर्धा सरत आला की मालवणकडच्या वाड्यांमधली कुलूपबंद घरं एकेक करून उघडायला लागतात. मुंबईहून चाकरमानी येतात, सोबत मुलं येतात, मुलांबरोबर त्यांचे मित्रही येतात. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि हा राबता आणखी वाढला. एरवी दोन-तीन माणसं राहतात अशा घरात वीस-पंचवीस पानं पडायला लागतात. मग एखाद्या संध्याकाळी कुणीतरी म्हणतंच, "आज सगळे खळ्यात बसूया." खळं म्हणजे आमच्याकडचं घरापुढचं सारवलेलं अंगण. आज मला बोलायचं आहे ते या खळ्यातल्या मेजवानीबद्दल. पोरांना आवडेल, थोरांनाही रुचेल आणि मुख्य म्हणजे करणारीचा जीव जाणार नाही, असा खाऊ कोणता?

करणारीचा जीव हे मी उगाच म्हटलं नाही. २०११ सालची गोष्ट. माहेरी आम्ही बावीस जण जमलो होतो. माझी मोठी वयनी सकाळपासून चुलीपुढे होती. बेत घावणे-रसाचा, आणि घावन तव्यावरून थेट पानात पडायला हवं असा सगळ्यांचा हट्ट. त्यात मी पहिली. आधी मुलांची पंगत झाली, मग पुरुषांची, मग आम्हा माहेरवाशिणींची. "वयनी, आता तू बस," असं आम्ही सगळ्याच म्हणत होतो, पण तव्यापुढची जागा घ्यायला एकही उठत नव्हती. "तुम्ही जेवून घेवा, मी मागसून खातंय," असं ती म्हणाली आणि थोड्याच वेळात तिला घेरी आली. पडली ती चुलीच्या अलीकडे, म्हणून निभावलं. डॉक्टरांनी तपासून विचारलं, "सकाळपासून पोटात काय गेलंय?" दोन वेळा कोरा चहा. पाणीसुद्धा नाही. आणि आम्ही साठ-सत्तर घावणे फस्त केले होते.

पुढच्या वर्षी सगळे म्हणायला लागले, मेजवानीच नको. बेकरीतून केक आणू, वेफर्सची पाकिटं फोडू, झालं. तेव्हा वयनीच म्हणाली, "चावदिसाचो इसर पडलो काय?"

चावदिवस म्हणजे नरकचतुर्दशी. त्या पहाटे आमच्याकडे तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात आणि मग पोह्यांची चंगळ असते. गोडे पोहे, तिखट पोहे, ताकातले पोहे, नारळाच्या रसातले पोहे. शेजारीपाजारी एकमेकांकडे जातात, थोडे थोडे सगळीकडचे खातात. एका बाईने सगळे प्रकार करायचे आणि बाकीच्यांनी बसून खायचे, असा तो प्रकार नाहीच. पदार्थ साधा, काम वाटलेलं आणि माणसं फिरती. आमच्या वाडवडिलांनी ही युक्ती कधीच शोधून ठेवली होती. आम्ही ती फक्त दिवाळीपुरती ठेवली होती.

तेव्हापासून आमच्या घरी दोन नियम आहेत. पहिला, जे टिकतं ते आधी करायचं आणि जे लवकर बिघडतं ते अगदी शेवटी. दुसरा, मुलांसाठी वेगळं आणि मोठ्यांसाठी वेगळं रांधायचं नाही. पदार्थ एकच, फक्त शेवटचा हात वेगळा. हे कसं जमतं ते सांगते.

चार-आठ दिवस आधी करण्यासारखं म्हणजे कोकमाचा पाक. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्या परसातल्या रातांब्यांना त्याचा पत्ता नाही. ती एप्रिल-मेमध्ये पिकून पडतच असतात. पिकलेली रातांबी धुऊन, पुसून कोरडी करायची, अर्धी कापून बिया काढायच्या. सालींच्या वजनाच्या दुप्पट साखर घ्यायची. काचेच्या बरणीत एक थर सालींचा, एक थर साखरेचा असं भरून बरणी आठवडाभर उन्हात ठेवायची. रोज एकदा हलवायची. साखर आपोआप विरघळते, गॅस लागत नाही. वाटीभर पाकाला सहा वाट्या गार पाणी पुरतं. मुलांच्या पेल्यात नुसतं सरबत, मोठ्यांच्या पेल्यात चिमूटभर मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. एक लक्षात ठेवा, कोकम आंबट असल्यामुळे ते तांब्या-पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नये. काच किंवा स्टीलच बरं.

दुसरा टिकाऊ खाऊ म्हणजे खाजं. बेसनाच्या जाड शेवेच्या कांड्या तळून आल्याच्या स्वादाच्या गुळात घोळवलेल्या असतात. आंगणेवाडीच्या नाही तर कुणकेश्वरच्या जत्रेला गेलेला माणूस त्याच्या पुड्याशिवाय परत येत नाही. हे मात्र घरी करण्याच्या फंदात पडू नका. गुळाचा पाक थोडा कमी पडला तर खाजं चिकट होतं, जास्त झाला तर दगड. ज्यांचा हात बसलेला आहे त्यांच्याकडून विकत घ्यावं, त्यांच्याही पोटापाण्याचं बघावं. आंबापोळी आणि फणसपोळी तर घरात असतेच. तिच्या बोटभर पट्ट्या कापून आत भाजलेल्या काजूचा तुकडा ठेवून गुंडाळी करायची. हे काम सात-आठ वर्षांची मुलं मन लावून करतात. दहा गुंडाळ्या झाल्या की त्यातल्या चार पोटात जातात, तो हिशोब आधीच धरावा.

आता त्या दिवशीच्या सकाळचं काम. घावणे आम्ही अजून करतो, पण ऊन चढण्याआधी. जुना सुरय तांदूळ रात्री भिजत घालायचा, सकाळी गुळगुळीत वाटायचा, मीठ घालायचं आणि पीठ ताकासारखं पातळ करायचं. आंबोळीसारखं हे पीठ आंबवायचं नसतं, त्यात उडीदही नसतो. बिडाचा तवा चांगला तापू द्यायचा, अर्ध्या कांद्याने तेल पुसायचं आणि पीठ कडेकडून मध्ये ओतत यायचं. पातळ पिठातलं पाणी तापलेल्या तव्यावर वाफ होऊन उडतं, त्याचीच जाळी पडते. तवा थंड असेल तर जाळी नाही आणि घावन सुटतही नाही. तांदळाचं पीठ तळाशी बसतं, म्हणून दर वेळी ढवळून मगच ओतायचं. एवढी एक गोष्ट सांभाळली की निम्म्या तक्रारी संपतात. झाकण ठेवायचं, वाफ आली की काढायचं, उलटायचं नाही. दोन वाट्या तांदळात वीसेक घावणे होतात.

"पण ते गार होतील ना?" असं मीच वयनीला विचारलं होतं. होतात. पण घावणे एकावर एक गरम रचले तर चिकटतात; केळीच्या पानावर सुटे पसरून निवू दिले आणि मग चौघडी घालून झाकले तर संध्याकाळपर्यंत मऊ राहतात. गोड रसात बुडवल्यावर ते गरम होते की गार, हे कुणाला आठवत नाही.

सकाळीच फणसाच्या आठळ्या मिठाच्या पाण्यात उकडून ठेवाव्यात. निखाऱ्यात भाजायच्या असतील तर प्रत्येकीला आधी सुरीने चीर द्यावी, नाहीतर आतली वाफ कोंडून त्या फुटतात आणि अंगावर उडतात. मोठ्यांसाठी त्यावर खोबरेल तेलाचे चार थेंब आणि लाल तिखट, मुलांना नुसत्या.

उरलेलं सगळं शेवटच्या अर्ध्या तासात. कारण इथे नारळ आला. नारळाचं दूध मेच्या उकाड्यात काही तासांतच आंबायला लागतं, ते सकाळी काढून ठेवण्यात अर्थ नाही. दोन नारळांचं दूध घावण्यांच्या रसासाठी: त्यात वाटीभर चिरलेला गूळ, वेलची आणि मिठाची कणी. गूळ हातानेच विरघळवायचा, रस चुलीवर ठेवायचा नाही.

आणखी दोन नारळांची सोलकढी, तिचे आठ-दहा छोटे पेले होतात. दूध आणि कोकमाचं आगळ, दोन्ही बाहेरच मिसळायचं. ही कढी असली तरी तापवायची नसते, तापवली की फुटते. आगळात मीठ असतंच, म्हणून चव घेतल्याशिवाय वरून मीठ टाकू नये. आंबटामुळे दूध हळूहळू वेगळं व्हायला लागतं, म्हणून ती पानं मांडताना करावी. आधी मुलांचे पेले भरून घ्यायचे, मग उरलेल्या भांड्यात ठेचलेली लसूण, हिरवी मिरची आणि कोथिंबीर घालायची. शेवटचा हात वेगळा, तो असा.

पोटभरीला दडपे पोहे. पातळ पोहे, ओलं खोबरं, बारीक चिरलेला कांदा, काकडी, लिंबू, मीठ, साखर आणि ओलाव्याला नारळाचं पाणी. सगळं हाताने कालवायचं, वर ताट आणि ताटावर वजन ठेवून पंधरा-वीस मिनिटं दडपायचं. दडपल्यामुळे पोहे खोबऱ्याचा ओलावा पितात आणि मऊ होतात. मग दोन वाटण्या करायच्या. मुलांच्या पोह्यांवर साधी हिंग-मोहरीची फोडणी, मोठ्यांच्यावर मिरची आणि तळलेले शेंगदाणे.

आता मालवणची मेजवानी आणि मासे नाहीत, असं कसं होईल? पावसाळी मासेमारी बंदी १ जूनला लागते, त्यामुळे मेमध्ये मासळी मिळते. पण मासे तळायचे म्हणजे पुन्हा कुणीतरी तव्याला जखडलं. आमच्याकडे ते काम पुरुषांना दिलं आहे. हळद, तिखट, मीठ आणि आगळ लावून ठेवायचं, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर परतायचं. यात बायकांनाच जमेल असं काही नाही. मुलांना बांगड्याऐवजी सुरमईची तुकडी द्यावी, काट्यांची भीती कमी.

दोन गोष्टी मात्र बजावून सांगते. मुलांना कामाला लावा, पण ओल्या काजूबिया सोलायला देऊ नका. त्यांच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं, डाग आठवडेच्या आठवडे जात नाहीत. काजूबिया विस्तवात टाकण्याचा खेळही नको, तेच तेल पेट घेऊन उडतं. आणि अगदी लहान मुलांना अख्खे शेंगदाणे, खाजं किंवा अख्खी आठळी देऊ नये, घशात अडकते. कुस्करून द्यावी.

२०१२ साली पहिल्यांदा अशी मेजवानी झाली. खोबरं माझ्या भावाने खवलं, मासे धाकट्या भावाने तळले, त्यातले चार करपवले. पोहे मुलांनी कालवले. पाच वाजता वयनी न्हाऊन, केसांत अबोलीचा वळेसर माळून खळ्यात येऊन बसली. काय करावं हे तिला सुचेना, दोनदा उठून आत डोकावून आली. चुलीपाशी माझा पुतण्या होता, मुंबईत वाढलेला, तेव्हा सोळा वर्षांचा. सकाळचं वाटीभर पीठ त्याने मागे ठेवलं होतं. पहिलं घावन तव्याला चिकटलं, ते मांजराला गेलं. दुसरं फाटलं. तिसरं त्याने केळीच्या पानावर घेऊन वयनीपुढे ठेवलं. कडा जाड होत्या, मध्ये कच्चं-पक्कं. तिने रस घेतला नाही, तसंच खाल्लं.

"काकी, कसं झालंय?" त्याने विचारलं.

"पीठ ढवळूक नाय तू," ती म्हणाली. "पण इतक्या वर्षांनी माका गरम घावन गावला. आणखी एक घाल."