कुसुमाची लाख, सावंतवाडीचा गंजिफा

रायपूर सोडून धमतरी-कांकेरच्या बाजूला लागलं की कुसुम आणि पळसाच्या फांद्यांवर तांबूस, खरबरीत पापुद्रा दिसतो. ती लाख. बारीक किड्यांनी रस शोषून बाहेर टाकलेली राळ. लाखेच्या उत्पादनात झारखंडाच्या पाठोपाठ छत्तीसगडचं नाव येतं. पळसावरची रंगीनी गडद, कुसुमावरची कुसुमी फिकट. म्हणून भाव कुसुमीला. फांदीवरून खरवडायची, धुऊन लाल रंग काढायचा, वितळवून पातळ ताणायची, की झाला चपडा.

या लाखेचं मराठी मुलखातलं नावाजलेलं घर सावंतवाडी. लाकडी खेळणं लेथवर गरागरा फिरत असतं, कातारी रंगीत लाखेची कांडी त्यावर टेकवतो. घर्षणानेच ती वितळते आणि लाकडाला धरते. विस्तव नाही, ब्रश नाही.

गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते; त्यांचं काम मात्र चिताऱ्यांचं. जुन्या रीतीत कापडाला चिंचोक्याची खळ लावून ते ताठ करायचे, त्यावर पांढरा थर देऊन गोल पानं रंगवायचे आणि पाठीला लाख. दशावतारी संचात 120 पानं: दहा अवतारांची प्रत्येकी बारा, म्हणजे राजा, प्रधान आणि एक ते दहा. अर्ध्या रंगांत दश्शी मोठी, अर्ध्यांत एक्का. नवख्याचा घाम निघतो!

रशियातल्या पालेख गावची गोष्ट याच्या जवळची आहे. तिथले चितारी पिढ्यान् पिढ्या देवांच्या तसबिरी रंगवत. 1917 च्या क्रांतीनंतर ते गिऱ्हाईक संपलं. 1924 मध्ये इव्हान गोलिकोव्ह आणि सोबत्यांनी सहकारी मंडळी उभारली आणि कागदी लगद्याच्या काळ्या डब्यांवर परीकथा अवतरल्या. रंग अंड्याच्या बलकात कालवलेले, सोन्याची रेघ लांडग्याच्या दाताने घासून चमकवलेली, वर रोगणाचे थरावर थर. हात तेच राहिले, विषय बदलला.

सावंतवाडीत उलट झालं. विषय तोच राहिला, गिऱ्हाईक बदललं. छापील पत्त्यांनी गंजिफाला मागे सारलं; काम जाणणारे पुंडलिक चितारींसारखे मोजके वृद्ध उरले. राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून ते शिकून घेतलं आणि 1970 च्या दशकात राजवाड्यातच कारखाना थाटला. कला वाचली ती त्यामुळे, यात शंका नाही. पण खेळ वाचला नाही. आज बहुतेक संच भेटीदाखल जातात आणि भिंतीवर टांगले जातात.

मला हे अर्धंच यश वाटतं. हातात खेळवण्यासाठी केलेल्या वस्तूला काचेआड काय काम? सावंतवाडीला गेलात तर राजवाड्यातून एक संच जरूर घ्या, आणि घरी तिघं जमून डाव मांडा. दिवसा खेळत असाल तर उतारी रामाच्या राजाची, रात्री कृष्णाच्या.