अंगठा लागला नाही तर?
परवान्याची बंदूक : लेखांक ५

परवान्याचा अर्ज कसा फिरतो ते मागच्या आठवड्यात पाहिलं. जिल्हाधिकारी कार्यालय, पोलीस ठाणे, पोलीस अधीक्षकांचा अहवाल आणि पुन्हा जिल्हाधिकारी. या फेऱ्यांत अर्जदाराची एवढी छाननी होते की त्याचं त्यालाच नवल वाटावं. पण बंदूक एकदा घरी आली की ती कुठे ठेवली, किल्ली कोणाकडे, काडतुसं कुठे, हे विचारायला सहसा कोणी फिरकत नाही. २०१६च्या शस्त्र नियमांनी शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण आणि ते सुरक्षित ठेवण्याची हमी या दोन्ही गोष्टी आणल्या खऱ्या. पण हमीच्या कागदावर सही झाली की पुढचं सगळं घरमालकाच्या भरवशावर.

वाशीम जिल्ह्यात परवान्याची बंदूक साधारण तीन ठिकाणी दिसते. बँकेच्या दारात माजी सैनिकाच्या खांद्यावर दुनळी, व्यापाऱ्याच्या किंवा पुढाऱ्याच्या कमरेला रिव्हॉल्व्हर आणि शेतकऱ्याच्या घरी पीक संरक्षणाची बंदूक. तिसरीला कायद्यातच जागा आहे. १९५९च्या शस्त्र कायद्याचं कलम १३ खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा असं सांगतं. अर्थात बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे. रोही आणि रानडुक्कर दोन्ही वन्यजीव कायद्याखाली येतात, त्यांच्यासाठी वनखात्याची वेगळी परवानगी लागते. म्हणून ही बंदूक बहुतेक वेळा हवेत बार काढण्यापुरतीच असते.

कुलपाचा विषय काढला की या तिन्ही ठिकाणी पहिला प्रश्न एकच येतो: ऐन वेळी उघडलं नाही तर? ही शंका वाशीमपुरती नाही. अमेरिकेत पंचवीसेक वर्षं याच प्रश्नावर वाद चालू आहे.

तिथे मालक ओळखणारी बंदूक बनवायचे बरेच प्रयत्न झाले. जर्मनीच्या आर्माटिक्स कंपनीचं पिस्तूल सोबतचं घड्याळ मनगटावर असेल तरच चालायचं. २०१७ मध्ये एका हॅकरने पंधरा डॉलरच्या लोहचुंबकांनी ते घड्याळाशिवाय चालवून दाखवलं. त्यानंतर कोलोरॅडोतल्या बायोफायर कंपनीने २०२३ मध्ये बोटाचा ठसा आणि चेहरा दोन्ही ओळखणारं पिस्तूल जाहीर केलं. तेव्हाची किंमत १,४९९ डॉलर, म्हणजे सव्वा लाख रुपयांच्या घरात. पण तिथल्या बंदूकवाल्यांचा मोठा विरोध तंत्रापेक्षा सक्तीला होता. न्यू जर्सी राज्याने २००२ मध्ये कायदा केला की अशी बंदूक देशात कुठेही विक्रीला आली की तीन वर्षांनी राज्यात फक्त तशीच पिस्तुलं विकायची. परिणाम उलटा झाला. ती बंदूक दुकानात ठेवू पाहणाऱ्या दुकानदारालाच धमक्या आल्या. शेवटी २०१९ मध्ये राज्याने ती सक्ती काढून टाकली.

ही पिस्तुलं आपल्याकडे येण्याची चिन्हं नाहीत, कारण सामान्य परवानाधारकाला परदेशी शस्त्र मागवता येत नाही. बोटाच्या ठशावर उघडणारी तिजोरी मात्र आपल्याकडेही विकत मिळते आणि ट्रिगरभोवती बसणारं साधं कुलूपही मिळतं. तेव्हा आपला प्रश्न एवढाच उरतो की ही कुलपं इथल्या माणसाला चालतील का.

ठशाच्या तिजोरीबद्दल शेतकऱ्याचं मत एका वाक्यात ऐकायला मिळतं: "माहा अंगठा रेशनच्या मशीनवर लागत नाई, रातच्याला तिजोरीवर कसा लागन?" यावर हसू नये, यात अनुभव आहे. आयुष्यभर विळा, फावडं आणि सोयाबीनची खरखरीत झाडं धरलेल्या बोटांच्या रेषा झिजतात. रेशन दुकानात ई-पॉस यंत्रापुढे दहाही बोटं लावून पाहणारी म्हातारी माणसं कोणत्याही गावात भेटतील. त्यात रब्बीत कृषिपंपाची वीज कित्येकदा रात्रीची. हरभऱ्याला पाणी द्यायला गेलेल्या माणसाचे हात ओले, चिखलाने भरलेले, थंडीने आखडलेले. घरी धावत येऊन बंदूक काढायची तर यंत्राला हवा असलेला स्वच्छ, कोरडा अंगठा आणायचा कुठून? वर सेल संपण्याची भीती आहेच. बँकेतल्या रखवालदाराचा आक्षेप आणखी थेट असतो: दरोडेखोराला किल्ली सापडेपर्यंत थांब म्हणू का?

हे आक्षेप मला पटतात. पण त्यांची सोयीस्कर ढालही होते. महागडं कुलूप कुचकामी ठरवलं की साध्या कुलपाचाही विषय संपतो आणि बंदूक दाराआड भिंतीला टेकलेली राहते. रखवालदाराची दुनळी कामावर असताना हाताशीच हवी, हे कबूल. ड्युटी संपल्यावर ती घरी जाते, प्रश्न तेव्हाचा आहे.

दुनळीला तर कुलूप तिच्या बांधणीतच आहे. नळीखालचा लाकडी तुकडा काढला की नळी दस्त्यापासून सुटते. सवयीच्या हाताला अर्धं मिनिटही लागत नाही. नळी एका कपाटात, दस्ता दुसऱ्या खोलीत आणि काडतुसं तिसऱ्या कुलपात असतील तर पोराच्या हाती लागलं तरी लाकूड नाहीतर लोखंडच लागेल. बोल्टच्या रायफलीचा बोल्ट काढून वेगळा ठेवता येतो. याला सेल लागत नाही, अंगठा लागत नाही, पैसा तर नाहीच.

ठासणीच्या बंदुकीची गोष्ट थोडी वेगळी. तिच्यात दारू आणि छरे एकदा ठासले की ते बाहेर काढणं किचकट असतं. म्हणून पुष्कळदा ती भरलेलीच परत येते आणि तशीच कोपऱ्यात उभी राहते. ठिणगी देणारी टोपी काढली की निर्धास्त, असा समज असतो. पण दारू आतच असते आणि टोप्यांची डबी त्याच फळीवर. अशा बंदुकीचं सर्वात भरवशाचं कुलूप म्हणजे शेतातच सुरक्षित दिशेला बार काढून रिकामी बंदूक घरी आणणं.

रिकामी करणं किती महत्त्वाचं, ते १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे जुहूत दिसलं. अभिनेते गोविंदा कोलकात्याला निघण्याच्या तयारीत होते. परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना ते हातातून पडलं आणि गोळी त्यांच्याच पायात घुसली. मालक तोच, घर त्याचंच, कपाटही उघडलेलं. ठसा ओळखणारी तिजोरी इथे काय करणार होती? रिव्हॉल्व्हर रिकामं असतं तर फार तर फरशीवर ओरखडा पडला असता.

किल्लीचा धडा त्याच वर्षी ८ फेब्रुवारीला दहिसरला मिळाला. माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर ज्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या गेल्या, ते हल्लेखोराच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचं होतं, असं पोलिसांनी सांगितलं. परवाना एकाचा आणि हात दुसऱ्याचा पोचत असेल, तर कुलूप कितीही भारी असून उपयोग काय? घरातही हेच घडतं. किल्ली देवघरातल्या खिळ्याला आहे हे पाहुण्यांनासुद्धा माहीत असतं.

नुसतं कुलूप वाटून भागत नाही, याचा पुरावा विदर्भाने ओळखीचा म्हणून ऐकावा असा आहे. श्रीलंकेत १८० गावांतल्या ५० हजारांहून अधिक शेतकरी घरांचा अभ्यास झाला. निम्म्या गावांत कीटकनाशकं ठेवायला कुलपाचे डबे दिले. २०१७ मध्ये निष्कर्ष आला: विष घेण्याचं प्रमाण डब्यांमुळे कमी झाल्याचं दिसलं नाही. म्हणून डबा वाईट ठरत नाही. पण डबा दिला की काम झालं, हा सरकारी हिशेब चुकतो. आपला जिल्हा शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या सहा जिल्ह्यांपैकी एक. घरात कोणी खचलेलं असेल तर बंदूक आणि फवारणीचं औषध काही दिवस घराबाहेर, विश्वासातल्या माणसाकडे किंवा कायद्याने जमा करता येईल तिथे ठेवणं, हे कोणत्याही यंत्रापेक्षा मोठं कुलूप आहे.

मग हे मालकाला सांगायचं कोणी? २०१६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या १,४४४ बंदूकमालकांना विचारलं. ५४ टक्के लोक आपल्या सगळ्या बंदुका सुरक्षित ठेवत नव्हते. सुरक्षित साठवणुकीबद्दल कोणाचं ऐकाल, यावर ७७ टक्क्यांनी पोलिसांचं नाव घेतलं, डॉक्टरांचं अवघ्या १९ टक्क्यांनी.

आपल्याकडे पोलिसांना ही संधी आयती मिळते. निवडणूक लागली की शस्त्रं जमा करण्याचे आदेश निघतात. सरसकट सगळ्यांना जमा करायला लावू नका, प्रत्येक प्रकरण समितीने तपासा, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००९ मध्ये सांगितलं. तरीही बऱ्याच मालकांना ठाण्याची वाट धरावी लागते. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका झाल्या. बंदूक द्यायची, पावती घ्यायची, निकालानंतर परत आणायची. नळीला गंज चढला, दस्त्यावर ओरखडे आले, ही तक्रार ठरलेली.

परत देताना पावती फाडण्यापलीकडे चार प्रश्न विचारले तर? घरी कुठे ठेवणार? काडतुसं कुठे? किल्ली कोणाकडे? घरात लहान मूल किंवा आजारी माणूस आहे का? दुनळीची नळी काढून दाखवा, एवढं सांगितलं तरी मालकाला येतं की नाही ते कळेल. परवान्याच्या अटी मोडल्या तर कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. पण ते कलम घटना घडून गेल्यावर कामाला येतं. चार प्रश्नांना पाच मिनिटं लागतात आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

(पुढील लेखांकात : वडिलांच्या नावावरची बंदूक. परवानाधारक वारल्यावर वारसाने काय करायचं?)