आजोबांचा ‘जर्मन’ कॅमेरा

मागच्या एपिसोडमध्ये मेगापिक्सेलची भानगड बोललो, आज जरा मागे जाऊ.

दिवाळीत कारंजाला घरी गेलो, तर माळ्यावर आजोबांचा कॅमेरा सापडला. काळा डबा, वर अग्फाचं नाव. चुलतभाऊ लगेच म्हणे, “जर्मन माल हाये, ऑनलाइन टाकू. नवा फोन येऊन जाईन.” आजी तिकडून, “इकू नको बाप्पा, तुह्या आजोबाचा हात लागेल हाये त्याले.”

मी डबा नीट पाहिला. अग्फा क्लिक थ्री. नाव जर्मन, पण बनवलेला बडोद्यात, न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये. साधं भिंग, फोकस फिरवायची सोयच नाही. भावाचा चेहरा उतरला.

पण मग ‘जर्मन भारी, अमेरिकन स्वस्तातलं’ यात तथ्य किती? थोडं आहे. लाइका १९२५ मध्ये बाजारात आणणारी लाइट्झ ही मुळात मायक्रोस्कोप बनवणारी कंपनी, त्यामुळे घासकाम आणि जोडणी तशीच बारीक. झाइसचं टेसार १९०२ चं, चार भिंगांचं. उलट ईस्टमनला कॅमेरा घराघरात न्यायचा होता. १९०० चा ब्राउनी एका डॉलरला मिळायचा. १९३९ चा अमेरिकन आर्गस सी-थ्री तर शब्दशः वीट! त्याला तीन भिंगांची लेन्स. छिद्र पूर्ण उघडलं की फोटोचे कोपरे मऊ पडतात. पण एफ ८ वर, भर उन्हात, पोस्टकार्डाएवढी प्रिंट काढा. कोणता फोटो कुणाचा, पैज लावून सांगता येणार नाही.

आणि गंमत बघा. कोडॅक अमेरिकन, पण त्यांचा रेटिना (१९३४) बनायचा जर्मनीत, श्टुटगार्टला. उलट १९४८ चा पहिला हॅसलब्लाड स्वीडनचा, आणि त्यावर लेन्स कोडॅकची एक्टार! झाइस नंतर आलं. म्हणजे डब्यावरचा देश बघून लेन्स कळत नाही.

माझ्या मते जुना कॅमेरा घेताना देशापेक्षा टॉर्च महत्त्वाचा. मागचं झाकण उघडा, शटर उघडं ठेवून लेन्समधून उजेड मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी. आपल्याकडे लोक कॅमेरा चामड्याच्या केसमध्येच ठेवतात. चामडं पावसाळ्यात ओल धरतं आणि बुरशी हळूहळू काचेवरचा लेप खाते. लवकर कळलं तर साफ होते, उशीर झाला तर डाग कायमचा. तिथे लाइका काय नि आर्गस काय.

आमच्या डब्याची केस कधीच हरवली होती, म्हणूनच बहुतेक काच स्वच्छ निघाली. १२० चा रोल आजही मिळतो, बारा फोटो बसतात. मागवला. पहिला फोटो आजीचा काढायला अंगणात उभा राहिलो, तर भाऊच म्हणतो, “थांब, उन्हाकडे तोंड करू दे तिले.”

आजी पदर सारखा करत होती.