ग्रँड कॅन्यन : खडकांची रचना आणि शोधाचा इतिहास

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील ग्रँड कॅन्यन ही कोलोरॅडो नदीने कोरलेली घळई आहे. नदीच्या मार्गाने मोजल्यास तिची लांबी सुमारे ४४६ किमी भरते आणि खोली काही ठिकाणी १.८ किमीपर्यंत जाते. प्रदेश रुक्ष असल्याने माती व झाडोरा कमी आहे, म्हणून खडकांचे थर उघडे दिसतात.

थरांची रचना

काठावरचा कैबाब चुनखडक सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वीचा आहे, तर तळाचा विष्णू शिस्ट हा रूपांतरित खडक सुमारे १७५ कोटी वर्षांपूर्वीचा. मधला क्रम मात्र अखंड नाही. अनेक ठिकाणी विष्णू शिस्टवर थेट टॅपीट्स वालुकाश्म दिसतो आणि त्याचे वय जेमतेम ५१ कोटी वर्षे आहे. मधल्या सुमारे १२० कोटी वर्षांची नोंद तेथे उरलेली नाही. या खंडाला ‘ग्रेट अनकन्फॉर्मिटी’ म्हणतात.

घळई मात्र खडकांपेक्षा खूपच तरुण आहे. पठार उंचावले, नदीला उतार मिळाला आणि तिने गेल्या ५० ते ६० लाख वर्षांत बहुतेक खोदकाम केले. कठीण चुनखडक व वालुकाश्मांचे उभे कडे राहिले; मऊ शेलचे उतार झाले.

शोधाचा इतिहास

येथे आदिवासी समाज फार पूर्वीपासून राहत होते. १५४० मध्ये होपी वाटाड्यांनी गार्सिया लोपेस दे कार्देनास या स्पॅनिश अधिकाऱ्याला काठापर्यंत नेले. त्याची माणसे मात्र नदीपर्यंत उतरू शकली नाहीत. १८५८ मध्ये आइव्ह्ज यांच्या मोहिमेतील भूवैज्ञानिक न्यूबेरी यांनी ही घळई पाण्यानेच कोरली असल्याचे ओळखले.

१८६९ मध्ये जॉन वेस्ली पॉवेल नऊ जणांसह चार होड्यांतून निघाले. तळाचा कठीण खडक लागला की घळई अरुंद होते, काठाने वाट उरत नाही, हे त्यांना अनुभवाने कळले. २७ ऑगस्टला तोच खडक पुन्हा लागला व पुढे मोठी धावती दिसली. तिघांनी वर चढून जाणे पसंत केले. ते जिवंत परतले नाहीत. नदीतून गेलेले सहा जण दोन दिवसांत सुखरूप बाहेर पडले.

लक्षात ठेवा : बहुतेक धावत्या उपघळयांतून पुराबरोबर आलेल्या दगडधोंड्यांमुळे बनतात. म्हणून नुसता तळाचा खडक पाहून पुढच्या प्रवाहाचा पूर्ण अंदाज येत नाही.