गोड्या पाण्यातील हरित शैवाले

गोड्या पाण्यातील हरित शैवाले हा नद्या, ओढे, तलाव, विहिरी, डबकी आणि पाण्याच्या उघड्या टाक्या यांत वाढणाऱ्या, प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या सजीवांचा मोठा समूह आहे. त्यांना खरे मूळ, खोड किंवा पान नसते. फूल आणि बीही येत नाही. नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या एकपेशीय क्लोरेलापासून हातभर वाढणाऱ्या कारापर्यंत अनेक रूपे या समूहात येतात. हरित शैवाले समुद्रात, ओल्या मातीत, झाडांच्या सालींवर आणि दगडांवरही आढळतात. प्रस्तुत लेख मुख्यतः गोड्या पाण्यातील प्रजातींपुरता आहे.

नाव आणि व्याप्ती

मराठीतील ‘शेवाळ’ हा शब्द व्यवहारात फार सैलपणे वापरला जातो. पाण्यावर तरंगणारा हिरवा गुंता शेवाळ, घाटाच्या पायरीवरील निसरडा थर शेवाळ, आणि पावसाळ्यात कुंपणाच्या भिंतीवर येणारी मखमली लवही शेवाळच. यांतील शेवटची लव बहुधा शेवाळी या निराळ्या गटातील, म्हणजे भूचर वनस्पतींपैकी असते. तलाव झाकून टाकणारी जलपर्णी आणि टिकलीएवढ्या पानांची लेम्ना या तर सपुष्प वनस्पती आहेत. शास्त्रीय लेखनात म्हणूनच ‘शैवाल’ हा शब्द वेगळा राखला जातो.

सर्वांत मोठा घोटाळा नील-हरित शैवालांबाबत होतो. नावात शैवाल असले तरी ते जीवाणू आहेत. त्यांच्या पेशीत केंद्रक नसते आणि हरितलवकही नसते. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या पाण्याची प्रसिद्ध हिरवी छटा मुख्यतः अशाच नील-हरित जीवाणूंची आहे, हरित शैवालांची नव्हे. शिवाय ते पाणी गोडे नसून खारट व अतिशय अल्कधर्मी आहे.

लक्षणे

हरित शैवालांच्या पेशीत सुस्पष्ट केंद्रक असते. हरितलवकात हरितद्रव्य ‘अ’ आणि ‘ब’ ही दोन्ही असतात. ज्वारी, कडुलिंब किंवा वड यांच्या पानांतही हीच जोडी असते. अन्नाचा साठा स्टार्चच्या रूपाने आणि तोही हरितलवकाच्या आतच केला जातो. पेशीभित्तिकेत बहुधा सेल्युलोज असते. पोहणाऱ्या पेशींना सामान्यतः दोन किंवा चार सारख्या लांबीच्या कशाभिका असतात.

रंग मात्र नेहमी हिरवाच असतो असे नाही. पावसाच्या पाण्याच्या उथळ खळग्यांत वाढणारे हीमॅटोकॉकस पाणी आटू लागले की तांबडे होते. झाडांच्या सालींवर आणि ओल्या भिंतींवर वाढणारे ट्रेन्टेपोलिया नारिंगी दिसते. कॅरोटिनॉइड वर्णकांमुळे हरितद्रव्य झाकले जाते, म्हणून असे घडते. उलट, गावतळ्याचे पाणी हिरवेगार करणारा युग्लीना हिरवा असूनही या समूहात बसत नाही. त्याच्या पूर्वजाने एक हरित शैवाल आपल्या पेशीत सामावून घेतले आणि हरितलवक त्याला तेथून मिळाले. युग्लीनाच्या पेशीत स्टार्च साठत नाही.

शरीररचनेत विलक्षण विविधता आहे. क्लॅमिडोमोनस ही एकच पेशी. तिला पेल्याच्या आकाराचे हरितलवक, दोन कशाभिका आणि प्रकाशाची दिशा ओळखण्यास उपयोगी पडणारा तांबडा नेत्रबिंदू असतो. व्हॉल्व्हॉक्स हा शेकडो ते हजारो पेशींचा पोकळ, गरगरत पुढे सरकणारा गोल असतो. त्याच्या पोटात पिल्लांसारखे लहान गोल दिसतात. हायड्रोडिक्टिऑनच्या पेशी एकमेकींना जोडून कोळ्याच्या जाळ्यासारखी खरीखुरी जाळी विणतात. स्पायरोगायराचे धागे फांद्याविरहित असून प्रत्येक पेशीत हरितलवकाची फीत मळसूत्रासारखी फिरलेली असते. क्लॅडोफोराचे धागे फांद्या असलेले आणि हाताला खरखरीत लागतात. स्पायरोगायरा मात्र श्लेष्मल आवरणामुळे बोटांतून सुळकन निसटते. सूक्ष्मदर्शक हाती नसताना या दोहोंत फरक करण्यास हा स्पर्श पुरेसा ठरतो.

प्रजनन आणि ऋतुचक्र

प्रजनन तीन प्रकारांनी होते: धागा तुटून प्रत्येक तुकड्याची वाढ होणे, अलैंगिक बीजाणू तयार होणे आणि युग्मकांचे मीलन. शालेय पुस्तकांत स्पायरोगायराचे खंडीभवन आवर्जून येते. पण मराठवाड्यासारख्या अवर्षणप्रवण प्रदेशात ही प्रजाती टिकून राहण्यात तिसऱ्या प्रकाराचा, म्हणजे संयुग्मनाचा, वाटा मोठा आहे. दोन धागे शेजारी येतात, त्यांच्यामध्ये नळ्या तयार होतात आणि एका पेशीतील सर्व जीवद्रव्य दुसरीत सरकते. त्यातून जाड भिंतीचा युग्मनज निर्माण होतो. डबके आटले, तळाच्या चिखलाला भेगा पडल्या, तरी तो मातीत तग धरतो आणि पुन्हा पाणी साचल्यावर रुजतो. कोरड्या खड्ड्यात पावसाळ्यानंतर शेवाळ ‘कोठून’ आले, या नेहमीच्या प्रश्नाचे एक उत्तर हे आहे.

धाग्यांचा गुंता सकाळी पाण्याखाली आणि दुपारी पृष्ठभागावर दिसतो. उन्हात प्रकाशसंश्लेषणाने निर्माण झालेले ऑक्सिजनचे बुडबुडे धाग्यांत अडकतात आणि गुंत्याला वर उचलतात.

वर्गीकरण

ब्रिटिश शास्त्रज्ञ एफ. ई. फ्रिट्श यांनी 1935 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सर्व शैवालांचे अकरा वर्ग केले. हरित शैवाले त्यांनी क्लोरोफायसी या एकाच वर्गात ठेवली आणि त्याचे नऊ गण पाडले. एकपेशीय, वसाहतरूप, धागेरूप, नळीरूप अशी बाह्य रचना हा या मांडणीचा मुख्य आधार होता. भारतीय विद्यापीठांत ती दीर्घकाळ शिकवली गेली. शिकवण्यास सोयीची म्हणून तिचा उपयोग आजही होतो. नातेसंबंध सांगणारी मांडणी म्हणून मात्र ती आता मान्य नाही.

बदल घडवला तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने. 1970 च्या दशकात पेशीविभाजनाच्या वेळी सूक्ष्मनलिकांची मांडणी कशी असते आणि कशाभिकेचे मूळ पेशीत कसे रोवलेले असते, हे बारकाईने पाहिले गेले. बाहेरून सारखे दिसणारे धागे आतून अगदी निराळे निघाले. मॅटॉक्स आणि स्ट्युअर्ट यांनी 1984 मध्ये या लक्षणांवर आधारित नवी मांडणी केली, आणि पुढे डीएनएच्या अभ्यासाने तिचा गाभा पक्का झाला.

आजच्या मांडणीनुसार हरित शैवाले मुख्यतः दोन शाखांत विभागली जातात. क्लोरोफायटा या शाखेत क्लोरोफायसी (क्लॅमिडोमोनस, व्हॉल्व्हॉक्स, सीनेडेस्मस, पेडियास्ट्रम, हायड्रोडिक्टिऑन, ईडोगोनियम), ट्रेबॉक्सिओफायसी (क्लोरेला, बॉट्रिओकॉकस) आणि अल्व्होफायसी (क्लॅडोफोरा, पिथोफोरा) हे गोड्या पाण्यात आढळणारे महत्त्वाचे वर्ग येतात. स्ट्रेप्टोफायटा या दुसऱ्या शाखेत कारा, कोलिओकीटी, तसेच स्पायरोगायरा, झिग्नेमा आणि डेस्मिड यांचा झिग्नेमॅटोफायसी हा वर्ग येतो. जमिनीवरील सर्व वनस्पतीही याच शाखेतून उद्भवल्या असून झिग्नेमॅटोफायसी हा त्यांचा सर्वांत जवळचा आप्त समजला जातो. म्हणजे एकाच डबक्यातील स्पायरोगायरा आणि क्लोरेला यांचे परस्परांशी जेवढे नाते आहे, त्याहून स्पायरोगायराचे काठावरच्या ज्वारीशी अधिक जवळचे आहे. वनस्पती वगळून केलेला ‘हरित शैवाले’ हा समूह त्यामुळे सोयीचा आहे, एका वंशाचा नाही.

या बदलाचे बोलके उदाहरण भारतातीलच आहे. मद्रासचे शैवालतज्ज्ञ मां. ओ. पा. अय्यंगार यांनी 1932 मध्ये ओलसर चिखलावर वाढणाऱ्या एका शैवालाचे वर्णन केले आणि फ्रिट्श यांच्या सन्मानार्थ त्याला फ्रिट्शिएला हे नाव दिले. जमिनीत शिरणारे मूलाभ आणि वर वाढणाऱ्या फांद्या पाहून भूचर वनस्पतींचा पूर्वज असाच असावा, असे अनेकांना वाटले. पाठ्यपुस्तकांतून हे अनुमान बराच काळ फिरत राहिले. प्रत्यक्षात फ्रिट्शिएला क्लोरोफायसी वर्गातील ठरले. जमिनीवर राहण्याजोगा देह त्याने स्वतंत्रपणे कमावला होता.

महाराष्ट्रातील अभ्यास आणि आढळ

मुंबईत एला गोन्साल्विस यांनी डी. बी. जोशी यांच्यासह वांद्रे येथील तलावातील शैवालांच्या ऋतुमानानुसार होणाऱ्या बदलांचा अभ्यास केला. तो 1946 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ईडोगोनियमच्या गणावरील त्यांचा ग्रंथ भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने 1981 मध्ये काढला. कोल्हापूरच्या शैवालांवरील एन. डी. कामत यांचा विस्तृत लेख 1963 चा आहे.

छत्रपती संभाजीनगर परिसरात हरसूल तलाव, सलीम अली सरोवर, पाणचक्कीचा हौद आणि पैठणचा नाथसागर ही शैवालांच्या अभ्यासास सोयीची ठिकाणे आहेत. वाळूज औद्योगिक वसाहत आणि तिला लागून असलेले बजाजनगर येथे नाथसागराचे पाणी येते. त्यामुळे जलाशयातील शैवाल हा येथे केवळ प्रयोगवहीचा विषय राहत नाही. बेसाल्ट खडकाच्या या प्रदेशात पाणी बहुधा जड असते. चुन्याचे पुट धारण करणाऱ्या कारासारख्या प्रजातींना ते मानवते. मृदू पाण्यातील बहुतेक डेस्मिडांसाठी सह्याद्रीतील सड्यांवरची डबकी अधिक अनुकूल आहेत.

पाण्याची पारख

हरित शैवालांमुळे पाण्याला वास येतो, चव बिघडते आणि गाळणयंत्रे तुंबतात. माणसाला घातक अशी विषे मात्र ती सहसा निर्माण करत नाहीत. मायक्रोसिस्टिससारखे नील-हरित जीवाणू यकृतास अपायकारक विष निर्माण करू शकतात, आणि ते विष पाणी उकळल्याने नाहीसे होत नाही. म्हणून हिरवे पाणी कोणामुळे हिरवे झाले, हे ओळखणे महत्त्वाचे ठरते.

प्राथमिक ओळख साध्या साधनांनी होते. काठी फिरवल्यावर धागे लोंबू लागले तर ते बहुधा धागेरूप हरित शैवाल असते. काठीला रंगासारखा लेप बसला तर नील-हरित जीवाणूंचा संशय घ्यावा. असे पाणी काचेच्या बरणीत रात्रभर स्थिर ठेवल्यास मायक्रोसिस्टिससारखे जीवाणू वर सायीसारखे गोळा होतात, तर सूक्ष्म हरित शैवाले बहुधा तळाशी बसतात. शाळेच्या प्रयोगशाळेत आयोडीनचा थेंब टाकल्यास हरित शैवालांतील स्टार्च निळसर काळा होतो. नील-हरित जीवाणूंत तसे होत नाही. या चाचण्या हातमोजे घालून कराव्यात, आणि पाणी पिण्यायोग्य असल्याचा निर्वाळा त्यांवरून देऊ नये. त्यासाठी प्रयोगशाळेतील तपासणीच लागते.

दाट वाढ झाली की हरित शैवालेही निरुपद्रवी राहत नाहीत. दिवसा पाण्यात ऑक्सिजन भरपूर असतो. रात्री श्वसनामुळे तो घटत जाऊन पहाटे सर्वांत कमी होतो आणि मासे गुदमरतात. या वाढीच्या मुळाशी बहुधा सांडपाणी आणि खतांतून येणारे नायट्रोजन व फॉस्फरस असतात. अमेरिकन शास्त्रज्ञ सी. एम. पामर यांनी 1969 मध्ये प्रदूषण सोसणाऱ्या वीस प्रजातींना गुण देऊन एक निर्देशांक तयार केला. त्यात युग्लीनाला 5, क्लॅमिडोमोनस आणि सीनेडेस्मस यांना प्रत्येकी 4, तर क्लोरेलाला 3 गुण आहेत. एकूण 20 किंवा अधिक गुण म्हणजे पाण्यात सेंद्रिय प्रदूषण मोठे. शहराचे सांडपाणी वाहून नेणाऱ्या खाम नदीसारख्या प्रवाहांसाठी एक सूक्ष्मदर्शक आणि ही यादी एवढ्यावर महाविद्यालयीन विद्यार्थीही उपयुक्त नोंदी ठेवू शकतात.

घरगुती टाकीत शैवाल वाढू नये यासाठी तिचे झाकण घट्ट ठेवणे आणि ती अपारदर्शक असणे पुरेसे असते. प्रकाशाशिवाय त्याची वाढ होत नाही. मोठ्या साठ्यांत मोरचूद वापरतात. मात्र पाण्यात नील-हरित जीवाणू असतील, तर ते एकदम मारल्याने पेशींतील विष पाण्यात मोकळे होते.