श्रम : शिक्षा की उपचार? – स्वतंत्रपूरचा प्रयोग

‘सक्तमजुरी’ हा शब्द आपल्या इतका परिचयाचा आहे, की तुरुंगातील श्रम म्हणजे शिक्षाच, असे आपण गृहीत धरतो. एकोणिसाव्या शतकात मात्र श्रमाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी एकाच वेळी नांदत होत्या. इंग्लंडमधील यॉर्क येथे विल्यम ट्यूक यांनी १७९६ मध्ये सुरू केलेल्या आश्रयगृहात मनोरुग्णांना साखळदंडांत न ठेवता बागकाम, शिवणकाम दिले जाई. काम हा तेथे उपचार होता. त्याच देशातील तुरुंगांत कैदी तासन्‌तास पायचक्की फिरवीत. काही ठिकाणी त्या चक्कीवर धान्यही दळले जात नसे, ती नुसतीच फिरे. घाम दोन्हीकडे गळत होता. कामाचे फळ करणाऱ्याला दिसते का, आणि त्याच्यावर कोणी विश्वास ठेवतो का, एवढाच फरक होता. ‘माझी जन्मठेप’मधील अंदमानचा कोलू हा पायचक्कीच्याच कुळातला.

या पार्श्वभूमीवर औंध संस्थानातील प्रयोग पाहू. संस्थानची राजधानी साताऱ्याकडील औंध. पण त्याचा आटपाडी हा भाग आज सांगली जिल्ह्यात येतो. माणदेशातील या दुष्काळी मुलखात राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या पाठिंब्याने आणि मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याच्या पुढाकाराने १९३९ मध्ये ‘स्वतंत्रपूर’ ही खुली वसाहत उभी राहिली. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांना येथे तटबंदीवाचून ठेवले गेले आणि जमीन कसायला दिली गेली. पळून जाणे सहज शक्य होते, हेच या प्रयोगाचे मर्म. कैद्यासाठी वसवलेल्या जागेचे नावच ‘स्वतंत्रपूर’ ठेवावे, यात केवढे धाडस आहे! पुढे तेथे कैद्यांना कुटुंबासह राहण्याचीही मुभा मिळाली. ज्याच्या शेतावर बायकामुले आहेत, त्याला कुंपण कशाला हवे?

याच प्रयोगावरून ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) हा व्ही. शांताराम यांचा चित्रपट स्फुरला. त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची, ते याच आटपाडी परिसरातील शेटफळ्याचे. चित्रपटात सहा कैद्यांचे परिवर्तन प्रामुख्याने जेलर आदिनाथच्या डोळ्यांच्या धाकाने घडते. प्रस्तुत लेखकाच्या मते, येथे कलाकृती वास्तवापासून थोडी दूर जाते. स्वतंत्रपुरात नजरेपेक्षा नांगराचा वाटा मोठा होता. चित्रपट पाहताना भाजी विकायला बाजारात गेलेल्या कैद्यांचा प्रसंग विशेष लक्ष देऊन पाहा आणि तेथे त्यांना कोण सावरते, नजर की स्वतः पिकवलेला माल, हे आपल्या वहीत टिपून ठेवा.