दुर्मीळ जातीची कॉफी आणि आपली प्रकृती

कॉफी म्हटली की कूर्ग आणि चिकमगळूर आठवते. पण आपल्या विदर्भातही कॉफी पिकते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंच आहे. तेथील थंड हवेत इंग्रजांच्या काळात कॉफीची लागवड झाली आणि ती झाडे आजही तेथे दिसतात.

अलीकडे ‘एकाच कुटुंबाच्या मळ्यातील दुर्मीळ कॉफी’ अशी महागडी पाकिटे बाजारात येऊ लागली आहेत. जास्त पैसे मोजले म्हणजे ती प्रकृतीलाही अधिक चांगली, असा समज होतो. तो तपासून पाहिला पाहिजे.

जात आणि चव

गोंदियाकरांना ही गोष्ट धानावरून चटकन कळेल. चिन्नोरचा उतारा कमी, पण भात शिजला की घरभर वास दरवळतो, म्हणून त्याला भाव. कॉफीचेही तसेच आहे. अरेबिका आणि रोबस्टा हे तिचे दोन मुख्य प्रकार. अरेबिकात केंट, एस. ७९५ अशा अनेक जाती आहेत. तांबेऱ्याला तोंड देणारे झाड म्हणून केंट निवडली गेली आणि तिच्या संकरातून पुढे एस. ७९५ तयार झाली. उंचावर, सावलीत, सावकाश पिकलेली फळे हाताने वेचली की चव खुलते. पारखी अशा कॉफीला १०० पैकी गुण देतात. ८० वा अधिक गुण मिळाले तर ती ‘स्पेशालिटी’ ठरते. मात्र ही परीक्षा चवीची असते.

कॅफिन किती?

प्रकृतीच्या दृष्टीने महत्त्वाचे ते कॅफिन. रोबस्टात ते अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असते. लॉरिना या दुर्मीळ जातीत मात्र अरेबिकाच्या निम्मेच असते. चिकोरीत कॅफिन नसते, म्हणून पाकिटावरील तिचे प्रमाण वाचावे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या माहितीनुसार १५० मिलिलिटर गाळलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ आणि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते. दिवसभरात सर्व मिळून ३०० मिलिग्रॅमची मर्यादा पाळावी. गरोदर स्त्रियांनी २०० च्या आत राहावे. लहान मुलांना कॉफी देऊच नये.

जेवणानंतरचा कप

आपल्याकडे खरा धोका आहे तो वेळेचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. भाजी, डाळ, भात यांतील लोह मुळातच शरीरात कमी शोषले जाते. जेवणासोबत चहा-कॉफी घेतली तर तिच्यातील द्रव्ये या लोहाला बांधून ठेवतात आणि ते वाया जाते. म्हणून जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळावी. लोहाच्या गोळ्या तर कॉफीसोबत कधीच घेऊ नयेत. त्याऐवजी भाजीवर लिंबू पिळावे, त्याने लोह चांगले शोषले जाते.

रात्री जायफळ घातलेली कॉफी प्यायली की झोप येते, असे म्हणतात. पण घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मे सुमारे पाच तासांनंतरही शरीरात असते. झोपेची तक्रार असणाऱ्यांनी दुपारनंतर कॉफी घेऊ नये.

हे लक्षात ठेवा

कोलेस्टेरॉल वाढलेले असल्यास उकळून न गाळलेली कॉफी टाळावी. कागदी गाळणीतून गाळल्यास तिच्यातील अपायकारक तेलकट अंश बराच निघून जातो. आम्लपित्त, धडधड वा हात थरथरणे जाणवत असल्यास प्रमाण कमी करावे. साखर जपून घालावी.

चांगली कॉफी जरूर चाखावी, तिच्यामागे शेतकऱ्याचे कष्ट आहेत. पण कप महाग असो वा स्वस्त, तो मोजून आणि जेवणाची वेळ टाळून घ्यावा.